बोर्डाशी ओळख (भाग ९) : एका मिनिटाचे एकोणपन्नास दिवस

मागच्या भागात कुंडीतल्या मातीचा ओलावा मोजणारा सेन्सर आपण आर्डुइनो ऊनोला जोडला. दर मिनिटाला माती तपासायची आणि आकडा पडद्यावर दाखवायचा, एवढंच त्याचं काम. हाच प्रयोग गेल्या शनिवारी एका शाळेत आठवीच्या मुलांकडून करून घेत होतो. हाताशी एक छापील मराठी पुस्तिका होती. पहिला आकडा आला, आणि मग काहीच नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. जिने जोडणी केली होती ती मुलगी म्हणाली, "सर, माझंच काहीतरी चुकलं असेल." तोवर तिने सगळ्या वायरी तीनदा काढून परत घातल्या होत्या.

तिचं काही चुकलं नव्हतं, पुस्तिकेतली ओळ चुकली होती. आणि खरं सांगायचं तर मीही आधी वायरींवरच संशय घेतला.

ती ओळ अशी : डिले, आणि पुढे कंसात ६० गुणिले १०००. डिलेला वेळ मिलिसेकंदांत सांगावा लागतो, म्हणजे साठ सेकंदांचे साठ हजार. गणित चोख आहे. आम्ही ६० च्या जागी ५ घातले, आकडे धडाधड यायला लागले. ३० घातले, चाललं. ३२ लाही चाललं. ३३ घातले आणि बोर्ड पुन्हा गप्प. इथे मुलांना मजा वाटू लागली, कारण आता वायरींचा प्रश्नच उरला नव्हता.

ऊनोवरची ॲटमेगा ३२८पी ही चिप ८ बिटांची. तिच्यासाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये साध्या पूर्णांकाला, म्हणजे 'इंट'ला, १६ बिटांची जागा मिळते. त्यात उणे ३२,७६८ पासून ३२,७६७ पर्यंतचेच आकडे मावतात. ६० हाही इंट, १००० हाही इंट, म्हणून गुणाकारसुद्धा त्याच मापात बसवला जातो. साठ हजार त्यात मावत नाहीत. त्यातून ६५,५३६ वजा होतात आणि हाती राहतात उणे ५,५३६. डिलेला ऋण आकडा ठाऊकच नाही. तो हे बिट ३२ बिटांचा धन आकडा समजून वाचतो आणि ४,२९,४९,६१,७६० मिलिसेकंद थांबायचं ठरवतो. हिशेब केला तर ४९ दिवस आणि १७ तास! बोर्ड बिघडला नव्हता, सांगितल्याप्रमाणे निमूट थांबला होता.

गंमत म्हणजे गुणाकार न करता कंसात थेट ६०००० लिहिलं तर सगळं सुरळीत चालतं. एवढा आकडा पाहून कंपायलर स्वतःहूनच त्याला मोठी जागा देतो.

पुस्तिका लिहिणारा बेफिकीर असेल असं मला वाटत नाही. २०२३ मध्ये ऊनोची आर४ ही आवृत्ती आली. तिची चिप ३२ बिटांची आहे, आणि तिथे इंटही ३२ बिटांचा. हीच ओळ तिच्यावर बरोबर एका मिनिटाने पुढे सरकते. लेखकाने अशाच एखाद्या बोर्डावर ती करून पाहिली असेल, तर त्याला चूक दिसणार कुठून? पण शाळेतल्या खोक्यात होते जुने ऊनो. उलटही होतं. जुन्या ऊनोच्या पुस्तकांत लाल एलईडीला २२० ओहमचा रेझिस्टर सांगितलेला असतो. त्यातून साधारण १३ ते १४ मिलिॲम्पिअर प्रवाह जातो, आणि जुन्या बोर्डाला तो सहज झेपतो. आर४ च्या एका पिनला मात्र ८ मिलिॲम्पिअरची मर्यादा आहे. तिथे ४७० ओहम किंवा त्याहून जास्त हवा. म्हणून प्रत्येक प्रयोगाच्या डोक्यावर बोर्डाचं पूर्ण नाव छापलंच पाहिजे. एवढी एक ओळ असती तर आमचा अर्धा तास वाचला असता.

आता माझी चूक. घरी येऊन मी दुरुस्ती लिहिली : आधी 'अनसाइन्ड लाँग' प्रकारचा, म्हणजे ३२ बिटांचा, एक व्हेरिएबल घ्या, त्यात ६० गुणिले १००० ठेवा आणि तो डिलेला द्या. मोठा डबा घेतला की झालं, असा माझा समज. दुरुस्ती पाठवण्याआधी बोर्डावर चालवून पाहिली हे नशीब, कारण बोर्ड तसाच अडकला. गुणाकार आधी छोट्या डब्यात होतो, तिथेच सांडतो, आणि सांडलेलं मोठ्या डब्यात जाऊन पडतं. मोठेपणा गुणाकाराच्या आधी द्यावा लागतो. ६० ला लागूनच यूएल ही दोन इंग्रजी अक्षरं जोडायची, म्हणजे गुणाकारच मोठ्या मापात होतो.

आणखी एक. अशा सांडलवंडीची सूचना कंपायलर देऊ शकतो, पण आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचं तोंड बहुधा बंद ठेवलेलं असतं. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन 'कंपायलर वॉर्निंग्ज' समोर 'ऑल' निवडा. पुस्तिका तपासणाऱ्याने तर हे पहिल्याच दिवशी करावं.

काही दुरुस्त्यांच्या मात्र नादी लागू नये. ॲनालॉग पिनवरचा आकडा व्होल्टमध्ये बदलताना १०२३ ने भागायचं की १०२४ ने, यावर जाणकार तावातावाने भांडतात. चिपच्या माहितीपत्रकातलं सूत्र १०२४ चं आहे, आर्डुइनोच्या स्वतःच्या उदाहरणात १०२३ आहे. फरक हजारात एक. यूएसबीतून येणारे पाच व्होल्ट मुळातच त्याहून कितीतरी जास्त हलतात. तासभर खर्चायचाच असेल तर तो भाषेवर खर्चावा. त्याच पुस्तिकेत 'लायब्ररी इन्स्टॉल करा'चं 'ग्रंथालय स्थापित करा' झालं होतं, आणि 'ग्राउंड'ची वायर जमिनीला जोडायला सांगितली होती. एका मुलाने खरंच फरशीकडे पाहिलं.

पुढच्या आठवड्यात बटण घेऊ. ते दाबल्यावर बोर्डाला १ ऐवजी ० का दिसतो, तेही बऱ्याच पुस्तिकांत उलटं छापलेलं असतं. तोवर तुमच्या बोर्डावर ६० गुणिले १००० चालवून पाहा. मिनिटाने पुढचा आकडा आला की नाही, ते तुमच्या पुस्तिकेच्या समासात पेन्सिलीने लिहा, आणि त्यापुढे बोर्डाचं पूर्ण नाव लिहायला विसरू नका.