सफरचंदाचा गोड पदार्थ, साखरेविना

शरद पौर्णिमेच्या सुमारास भेडाघाटी नर्मदा महोत्सव भरतो, तेव्हा काश्मीर व हिमाचलची ताजी सफरचंदे बाजारात आलेली असतात. सणाचे गोड त्यांचेच करावे.

कृती : फळे वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावीत. सालीत तंतुमय घटक असतात, म्हणून साल ठेवावी. बियांचा मधला भाग काढून तेथे मनुका, अक्रोड व दालचिनी भरावी. ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सिअसवर सुमारे ३० मिनिटे, फळ मऊ होईपर्यंत भाजावे.

लक्षात ठेवा : साखर, गूळ, मध वा वनस्पती तूप घालू नये. प्रौढ व्यक्तीने दिवसभरातील साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवावी. गूळ आणि मधही त्यातच मोजावेत. मधुमेह असल्यास मनुका वगळाव्यात, एक लहान फळ पुरेसे समजावे आणि सणाच्या दिवशीही औषध चुकवू नये.