शिट्टी कोण वाजवतंय?

'सेकंडहँड लक्झरी' घेतलीत? अभिनंदन! पण काचा बंद असूनही एक्स्प्रेसवेवर कानात 'सूंऽऽ'? माझ्या पंधरा वर्षं जुन्या सेदानमध्ये मागे बसलेल्या, कानाला मशीन लावणाऱ्या आईला आमचं बोलणंच कळेना. मग रविवार सत्कारणी लावला. दारात दहाची नोट धरून दार लावा. नोट सहज निघाली, तर तिथलं रबर दमलंय. बाहेरून त्या फटीवर मास्किंग टेप लावून चक्कर मारा. आवाज थांबला? चोर सापडला! आमचा चोर आईच्याच दारात निघाला. रबर साबणाच्या पाण्यानं पुसून सिलिकॉन ग्रीस लावा, फाटलेलं बदलाच. शिवाय वेग ८० वरून १०० वर गेला, की वाऱ्याच्या आवाजाची ऊर्जा जवळपास चौपट होते. थोडक्यात, सगळ्यात स्वस्त उपाय तुमच्या उजव्या पायाखाली आहे!