नेटवर्क तुटले तर कोठे पाहावे?

आपल्या संघाचे संकेतस्थळ, जत्रेच्या व दशावतारी नाटकांच्या चित्रफितींचा संग्रह आणि वर्गणीची नोंद ही तिन्ही कामे हळर्णमधल्या एकाच सर्व्हरवर चालतात. प्रॉक्समॉक्स ही मोफत प्रणाली त्या एका यंत्रात तीन आभासी संगणक चालवते. जत्रेच्या रात्री मुंबईतल्या वा परदेशातल्या कुटुंबांना काहीच दिसले नाही, की फोन सुरू होतात. अशा घाईत सगळे पुसून नव्याने बसवण्याचा मोह होतो. तो टाळावा. नेटवर्क तुटले म्हणजे साठवलेले गेले असे नाही. पण डिस्क पुसली, तर ज्यांचे आवाज आता फक्त त्या चित्रफितींतच उरले आहेत, ते परत मिळणार नाहीत.

रचना समजायला आपल्या जुन्या घरातले राजांगण आठवावे. खोल्या राजांगणात उघडतात आणि बाहेर जायचे ते पुढच्या दारातून. आभासी संगणक म्हणजे खोल्या, ‘ब्रिज’ म्हणजे राजांगण आणि केबल जोडलेले नेटवर्क कार्ड म्हणजे पुढचे दार. म्हणून पहिला प्रश्न एवढाच: एक खोली बंद आहे की सगळ्या?

सगळ्या बंद असतील तर

१. केबलच्या खाचेजवळचा दिवा पाहावा. तो पेटत नसेल तर केबल बदलावी, मग राउटरची दुसरी खाच वापरून पाहावी. पावसाळ्यात विजेच्या कडकडाटाने खाच जळू शकते.

२. दिवा पेटतो, पण सर्व्हरशी संपर्क होत नाही, तर त्यालाच पडदा व कळफलक जोडावा. नवे कार्ड बसवल्यावर किंवा प्रणाली अद्ययावत केल्यावर कधी कधी कार्डाचे नाव बदलते आणि ब्रिजच्या नोंदीत जुनेच राहते. नवे नाव लिहिले की काम होते.

३. सर्व्हर उत्तर देतो, पण आभासी संगणक देत नाहीत, तर ते चालू आहेत का पाहावे. वीज जाऊन आल्यावर ते आपोआप सुरू व्हावेत, ही सोय प्रत्येकासाठी वेगळी निवडावी लागते.

एकच बंद असेल तर

प्रॉक्समॉक्सच्या पानावरून त्या संगणकाचा ‘कन्सोल’ उघडावा. आतले नेटवर्क बंद असले तरी तो दिसतो. मग आयपी पत्ता पाहावा. पत्ता नसेल किंवा १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. वीज आल्यावर सर्व्हर राउटरच्या आधी जागा झाला तर असे होते. राउटर स्थिरावल्यावर तो एकच आभासी संगणक पुन्हा सुरू करावा.

संपर्क येतो-जातो असे असेल तर तोच पत्ता दुसऱ्या कोणाकडे आहे का, हे तपासावे. ८.८.८.८ ला पिंग केल्यावर उत्तर येते, पण संकेतस्थळाच्या नावाने काही उघडत नाही, तर दोष डीएनएसमध्ये आहे. आतून बाहेर सगळे नीट दिसते, पण बाहेरून आत येता येत नाही, तर फायरवॉलचे नियम पाहावेत.

एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा. नेटवर्कच्या नोंदी दूर बसून बदलू नयेत. बसल्या फांदीवरच कुऱ्हाड पडते. तिन्ही संगणकांची नावे, पत्ते आणि ब्रिजला जोडलेल्या कार्डाचे नाव कागदावर लिहून सर्व्हरच्या कपाटात आतून चिकटवावे. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींपैकी दोघांनी तरी हे शिकून घ्यावे, म्हणजे जत्रेच्या रात्री एकाच माणसाच्या फोनवर सगळे अवलंबून राहणार नाही.