जुन्या कॉम्प्युटरची बॅकअप इमेज व्हर्च्युअल मशीनमध्ये कशी उठवायची?

आजचा प्रश्न सोपा आहे. जुना कॉम्प्युटर कायमचा बंद पडलाय, पण त्याच्या हार्ड डिस्कची बॅकअप इमेज कुठेतरी ठेवलेली आहे. तो कॉम्प्युटर पुन्हा चालू करता येतो का? येतो. तुमच्याच लॅपटॉपवर, एका खिडकीत.

उदाहरण घेऊ वरणगावचं. तिथे माझ्या ओळखीच्या एका काकांचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, यात्रेची पत्रकं, शाळेच्या स्मरणिका, घराण्यांच्या वंशावळी, असं वीस वर्षांचं काम एका विंडोज एक्सपीच्या मशीनवर झालेलं. त्यातच एक छोटी पुस्तिका होती: गावातल्या म्हाताऱ्या बायांनी सांगितलेल्या जात्यावरच्या ओव्या, आपल्या लेवा बोलीत. मदरबोर्ड गेला, डिस्कही गेली. हातात उरली नॉर्टन घोस्टने काढलेली एक इमेज, आणि पेनड्राइव्हवर कॉपी केलेल्या काही फाइली. काका म्हणाले, "फाइली आहेत, पण उघडूनच नाही राहिल्या भो!"

का उघडत नाहीत? इथे खरी गोम आहे.

युनिकोडचं पहिलं व्हर्जन १९९१ चं, आणि त्यात देवनागरी होती. विंडोजमध्ये देवनागरी आली विंडोज २००० पासून. पण दुकानांत चालायचं पेजमेकर, आणि त्याला युनिकोड शेवटपर्यंत जमलं नाही. मग श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टनी एक युक्ती केली. इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवलं. कृतिदेवमध्ये इंग्रजी 'डी'च्या जागी 'क' दिसतो. 'भारत' हा शब्द फाइलमध्ये प्रत्यक्षात 'एच, के, के, जे, आर' असा साठवलेला असतो. फॉन्ट आहे तोवर तो 'भारत', फॉन्ट गेला की नुसती खिचडी. प्रत्येक कंपनीची मांडणीही वेगळी!

म्हणजे नुसती फाइल वाचवून भागत नाही. फाइल, फॉन्ट, पेजमेकर आणि विंडोज, ही सगळी बिऱ्हाडं एकत्र लागतात. आणि ती एकत्र असतात फक्त इमेजमध्ये.

तुमच्या फोनवरून समजून घ्या. गॅलरीतले फोटो ड्राइव्हवर टाकले, तर तो झाला फाइलींचा बॅकअप. पण अख्खा फोन, त्यातली ॲप, सेटिंग, सगळं जसंच्या तसं एका फाइलमध्ये बांधलं, तर ती झाली इमेज. आणि व्हर्च्युअल मशीन म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला कॉम्प्युटर. त्याला प्रोसेसर, मेमरी, डिस्क सगळं आहे, पण डिस्क म्हणजे तुमच्या लॅपटॉपवरची एक मोठी फाइल. आतल्या विंडोजला वाटतं आपण खऱ्याच मशीनवर आहोत. यासाठी व्हर्च्युअलबॉक्स फुकट मिळतं.

आता कामाला लागू.

पहिलं, इमेजची एक प्रत काढा आणि मूळ प्रत बाजूला ठेवा. जे काय प्रयोग करायचे ते प्रतीवर.

दुसरं, व्हर्च्युअल मशीन बनवा. प्रकार विंडोज एक्सपी, मेमरी ५१२ एमबी ते १ जीबी, एवढं पुरतं. डिस्क मात्र मूळ डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी घ्या. मूळ ४० जीबीची असेल तर इथेही किमान ४० जीबी. घाबरू नका, 'डायनॅमिक' पर्याय निवडला तर ती फाइल लागेल तेवढीच जागा खाते.

तिसरं, इमेज ज्या टूलने काढली त्याच टूलने उतरवा. घोस्टची असेल तर घोस्टची बूट सीडी, ॲक्रॉनिसची असेल तर त्यांची रेस्क्यू सीडी, क्लोनझिलाची असेल तर क्लोनझिला. सीडीची आयएसओ फाइल व्हर्च्युअल मशीनला जोडा, इमेज दुसऱ्या व्हर्च्युअल डिस्कवर ठेवा, सीडीवरून बूट करा आणि रिस्टोअर करा. डिस्कची सरळ कच्ची नक्कल असेल तर हा खटाटोप नको. व्हर्च्युअलबॉक्ससोबत येणारी एक कमांड तिला थेट व्हर्च्युअल डिस्क बनवते.

चौथं, पहिल्यांदा चालू करण्याआधी स्नॅपशॉट घ्या. बिघडलं तर एका क्लिकवर मागे. आणि नेटवर्क बंद करा. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपलाय, तिला इंटरनेटवर सोडायचं कारणच नाही.

आता चालू करा. बऱ्याच जणांना इथे निळा स्क्रीन भेटतो आणि शेवटी '७बी' असलेला कोड. लोक म्हणतात इमेज खराब. तसं नसतं बहुतेक वेळा. जुन्या विंडोजला तिच्या जुन्या मदरबोर्डच्या डिस्क कंट्रोलरची सवय असते, नवीन कंट्रोलर ती ओळखत नाही आणि स्वतःचीच डिस्क तिला सापडत नाही. सेटिंगमध्ये जाऊन डिस्क 'साटा'वरून काढा आणि 'आयडीई'ला लावा. तरी नाही झालं तर एक्सपीच्या सीडीवरून रिपेअर करा, फाइली जागेवर राहतात. हार्डवेअर बदललेलं दिसलं की एक्सपी पुन्हा ॲक्टिव्हेशन मागू शकते, तेव्हा लायसन्सची की हाताशी असू द्या.

आणखी एक अडचण खास आपल्याकडची, ती म्हणजे लॉक. मराठी सॉफ्टवेअरच्या पाठीमागे एक छोटा डोंगल लावावा लागायचा. तो यूएसबीचा असेल तर व्हर्च्युअल मशीनला जोडून देता येतो. जुन्या प्रिंटर पोर्टचा असेल तर आजच्या लॅपटॉपला ते भोकच नाही. पण धीर सोडू नका. लॉक लागतं मुख्यतः टाइप करायला. फॉन्ट विंडोजमध्ये बसलेला असेल तर आधीचं पान बऱ्याचदा तसंच दिसतं.

वरणगावच्या इमेजमध्ये तेच झालं. पेजमेकर उघडलं आणि ओव्यांचं पान समोर आलं, अगदी छापलं होतं तसं.

पण काम इथे संपत नाही. व्हर्च्युअल मशीन हा मुक्काम नाही, थांबा आहे. पानाची पीडीएफ काढा, म्हणजे रूप टिकेल. मजकूर शेअर्ड फोल्डरमधून बाहेर काढून कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये न्या, म्हणजे तो फोनवर वाचता येईल, शोधता येईल. मग डोळ्यांनी तपासा. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि रफार नंतर. उलटापालट करताना कन्व्हर्टर तिथेच अडखळतो. बोलीतले शब्द तर कुठल्याच स्पेलचेकला माहीत नाहीत. म्हणून तपासायला तो माणूस बसवा, ज्याच्या घरात ती बोली बोलतात. आम्ही काकांच्या आईला वाचून दाखवलं. दोन शब्द त्यांनी ऐकताक्षणी दुरुस्त केले.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी घरच्यांनी वेळेवर कागदावर उतरवली, म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं. आज तेच काम कागदावरून नाही, मेलेल्या डिस्कवरून करायचंय.

तेव्हा एवढंच करा. गावातल्या डीटीपीच्या दुकानात जा आणि विचारा, "जुनं मशीन अजून चालू होतं का?" होत असेल तर आजच इमेज काढा. आपल्या खानदेशातला एखादा उन्हाळा त्या डिस्कला शेवटचा ठरू शकतो.

काही अडलं तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!