घोडा, कुत्रा आणि कोंबड्या यांची रोजची निगा



दिवाळी झाली की फलटण, बारामती भागातील मेंढपाळांचे वाडे कोकणाच्या वाटेला लागतात. बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर असते, त्यावरच डालग्यात कोंबड्या असतात आणि कळपाभोवती कुत्री असतात. गावात स्थिर असलेल्या अनेक शेतकऱ्यांच्या वस्तीवरही ही तिन्ही जनावरे एकाच अंगणात नांदतात. गाय, म्हैस व मेंढी यांच्याकडे आपले जेवढे लक्ष असते तेवढे यांच्याकडे नसते. घोडा गेला तर बिऱ्हाड अडते, कुत्रा गेला तर लांडग्याला रान मोकळे होते आणि कोंबड्या गेल्या तर घरधनिणीच्या हातचा पैसा जातो.

तिघांची शरीररचना वेगळी आहे. त्यामुळे एकाचे खाद्य किंवा औषध दुसऱ्याला विष ठरू शकते, हे प्रथम लक्षात ठेवावे.

घोड्याचा आहार

घोडा रवंथ करत नाही. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते आणि त्याला उलटी करता येत नाही. म्हणून एकदम भरपूर खाद्य दिल्यास पोटशूळ उठतो. चारा थोडा थोडा व अनेक वेळा द्यावा. वाळलेला व हिरवा चारा मिळून रोजचे शुष्क खाद्य वजनाच्या साधारण दोन ते अडीच टक्के असावे. म्हणजे २५० किलो वजनाच्या घोड्यास पाच ते सहा किलो. यातील मोठा भाग चाऱ्याचाच हवा. भरडलेला किंवा भिजवलेला हरभरा व गव्हाचा कोंडा यांची चंदी दोन-तीन वेळा विभागून द्यावी. लहान चणीच्या घोड्यास एका वेळी एक किलोपेक्षा जास्त चंदी देऊ नये. खाद्यात बदल करायचा झाल्यास तो आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा. लसूणघास उत्तम, पण थोडा सुकवून व कडब्याच्या कुट्टीत मिसळून द्यावा. कोवळ्या ज्वारीच्या फुटव्यावर घोडा सोडू नये. बुरशी लागलेला मका तर मुळीच देऊ नये, कारण त्यातील विषामुळे घोड्याच्या मेंदूला इजा होऊन तो दगावतो. मिठाचा खडा नेहमी पुढे असावा. स्वच्छ पाणी दिवसातून किमान तीन वेळा दाखवावे. उन्हाळ्यात व ओझ्याच्या दिवशी गरज बरीच वाढते.

घोडा पोटाकडे वळून पाहत असेल, पाय आपटत असेल, वारंवार लोळत असेल आणि लीद टाकत नसेल, तर तो पोटशूळ समजावा. खाद्य काढून घ्यावे, घोड्यास सावकाश चालवावे व ताबडतोब पशुवैद्यकास बोलवावे. नळकांड्याने किंवा बाटलीने तोंडात तेल ओतू नये. ते फुप्फुसात जाऊन घोडा दगावण्याचा धोका असतो.

खूर, पाठ व धनुर्वात

रोज खरारा करावा. याने अंग स्वच्छ होते आणि जखम, गाठ किंवा गोचीड लगेच हाताला लागते. चारही खूर उचलून खडे, काटे व चिखल काढावा. खुराला कुजका वास येत असल्यास जागा ओली आहे असे समजून ती कोरडी करावी. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर छाटून घ्यावेत.

ओझे लादण्यापूर्वी पाठीवरून हात फिरवावा. खोगिराखालची गादी ओली, घडी पडलेली किंवा काटे अडकलेली असल्यास पाठीवर जखम होते. दोन्ही बाजूंचे ओझे समान असावे. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ च्या नियमांनी तट्टाच्या पाठीवर जास्तीत जास्त ७० किलो ओझ्याची मर्यादा घातली आहे. चढाच्या वाटेवर त्याहूनही कमी लादावे. पाठीवर जखम असताना ओझे लादू नये.

घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो. खुरात खिळा किंवा काटा घुसल्याची लहानशी जखमही पुरते. कान ताठ होणे, शेपूट उचललेली राहणे, जबडा घट्ट मिटणे ही लक्षणे दिसल्यावर उपचार अवघड होतात. म्हणून धनुर्वातप्रतिबंधक लसीचे दोन डोस चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने द्यावेत आणि पुढे दरवर्षी एक डोस द्यावा. बाजारातून नवा घोडा आणल्यास काही दिवस वेगळा बांधावा. नाकातून घट्ट स्राव, नाकात व्रण आणि अंगावर ओळीने गाठी दिसल्यास ग्लँडर्सची शंका घ्यावी. हा रोग माणसालाही होतो व तो कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. त्या घोड्याजवळ जाण्यापूर्वी पशुवैद्यकास सांगावे.

कोंबडीचे खाद्य घोड्याला मारते

कोंबड्यांच्या काही तयार खाद्यात रक्ती हगवण रोखण्यासाठी मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन, मदुरामायसिन यांसारखी औषधे मिसळलेली असतात. कोंबडीला ती चालतात, पण घोड्याच्या हृदयाचे स्नायू त्यांनी निकामी होतात. थोडे खाद्य पोटात गेले तरी घोडा मरू शकतो आणि यावर उतारा नाही. पोत्यावरील मजकूर वाचावा, पोते उंचावर व झाकून ठेवावे आणि कोंबड्यांच्या खाद्याच्या भांड्यातून घोड्याला चंदी देऊ नये. काही पशुखाद्यांतही मोनेन्सिन असते. त्यामुळे गाईचे खाद्यही घोड्यापुढे टाकू नये.

गुरांवर गोचिडांसाठी मारतात ते अमिट्राझ घोड्यावर वापरू नये. त्याने आतड्यांची हालचाल थांबून पोटशूळ उठतो. मेंढ्यांचे जंतनाशक किंवा गोचीडनाशक अंदाजाने कुत्र्याला देणेही असेच धोक्याचे आहे.

कुत्रा : राखणदार व रोगाची वाट

नुसती भाकरी व ताक यांवर राखणीचा कुत्रा धडधाकट राहत नाही. भाकरीबरोबर अंडी, शिजवलेले मांस, डाळ असे काही तरी रोज द्यावे. कांदा, लसूण व चॉकलेट देऊ नये. पाणी स्वतंत्र भांड्यात ठेवावे.

मेंढी कापल्यावर किंवा मेल्यावर तिचे यकृत, फुप्फुसे, मेंदू कुत्र्यापुढे कच्चे टाकण्याची सवय घातक आहे. त्यातील गाठींतून कुत्र्याच्या आतड्यात फीतकृमी वाढतात. त्यांची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर व पाण्यात जातात. मग मेंढीच्या मेंदूत गाठ होऊन ती गोल गोल फिरू लागते, तर माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याची गाठ वाढते. लहान मुले कुत्र्याशी खेळून हात न धुता जेवतात, त्यांना हा धोका जास्त. म्हणून असे अवयव खोल पुरावेत किंवा नीट शिजवून द्यावेत. पिल्लांना दोन आठवड्यांच्या वयापासून जंतनाशक सुरू करावे व मोठ्या कुत्र्यांना दर तीन महिन्यांनी द्यावे. औषध फीतकृमींवर चालणारे आहे ना, हे पशुवैद्यकास विचारावे.

पिसाळण्यावर उपचार नाही, पण लस आहे. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पहिली लस टोचावी, पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दरवर्षी. कुत्रा, लांडगा किंवा कोल्हा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. चुना, मिरची, तेल लावू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन सर्व डोस पूर्ण घ्यावेत. जनावर गिळू शकत नसेल आणि तोंडातून लाळ गळत असेल, तर घशात काही अडकले म्हणून हात घालू नये.

कोंबड्या

रात्री खुराड्यात प्रत्येक कोंबडीस दीड ते दोन चौरस फूट जागा मिळावी. खुराडे जमिनीपासून उंच, हवेशीर व जाळीचे असावे, म्हणजे मुंगूस व रानमांजर शिरत नाही. दिवसभर मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला संध्याकाळी ३० ते ५० ग्रॅम धान्यमिश्रण द्यावे. अंड्यावरील कोंबडीस शिंपल्यांचा भुगा द्यावा. उन्हाळ्यात सावलीत दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवावे.

मानमोडी अर्थात राणीखेत हा रोग एका आठवड्यात खुराडे रिकामे करतो. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लस द्यावी व चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा द्यावी. आठव्या आठवड्याच्या सुमारास मुक्तेश्वर लस टोचावी. याच वयात देवीची लसही द्यावी, पण दोन्हींत आठवडाभर अंतर ठेवावे. लस बर्फातून आणावी आणि तयार केल्यावर दोन तासांत संपवावी. एकाच दिवशी अनेक कोंबड्या मेल्यास त्या कुत्र्यापुढे टाकू नयेत, ओढ्यात फेकू नयेत व विकू नयेत. चुना टाकून पुराव्यात आणि लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. देशातील पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नवापूर येथे आढळला होता.

दिवसाचा क्रम

सकाळी : घोड्यास पाणी, चारा, चंदी, खरारा व खूर तपासणी. कोंबड्या सोडून खुराडे झाडावे, लीद व विष्ठा उकिरड्यात टाकावी.

दुपारी : सर्वांना पाणी व सावली. कुत्र्याचे कान, मान व पंजे गोचिडांसाठी पाहावेत.

संध्याकाळी : चंदी, कुत्र्याचे जेवण, कोंबड्या मोजून खुराडे बंद करणे. कुत्रे मोकळे सोडण्यापूर्वी खाद्याची पोती झाकावीत.

लसींच्या व जंतनाशकाच्या तारखा एका वहीत लिहून ठेवाव्यात. वाडा हलताना ती वही औषधांच्या पिशवीत असावी, म्हणजे दुसऱ्या तालुक्यातील पशुवैद्यकालाही उपयोग होतो. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या निःशुल्क क्रमांकावर संपर्क साधावा.