ताज्या फॉर्मचे गणित

कोल्हापूरच्या शाहूपुरीची पेठ राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवली, ती प्रामुख्याने गुळाच्या व्यापारासाठी. गुळाच्या सौद्याची रीत साधी असते. भाव ठरतो तो समोर मांडलेल्या रव्यांवर. गेल्या हंगामात त्या शेतकऱ्याचा गूळ कसा होता यावर नव्हे. तरीही मुरलेला व्यापारी कोणत्या गुऱ्हाळाचा माल वर्षानुवर्षे चांगला येतो, हे मनात धरूनच बोली लावतो. समोरचा माल पाहायचा की जुना लौकिक, हा पेच केवळ बाजारपेठेपुरता नाही. खेळाडूंची क्रमवारी लावणाऱ्यांपुढेही तो उभा असतो, आणि व्यावसायिक गोल्फमधील तरुण मुलींच्या बाबतीत तर तो विशेष अवघड होतो.

या पेचाचा अनुभव कोल्हापूरकरांनी २०२१ मध्ये नेमबाजीत घेतला. जून महिन्याच्या अखेरीस क्रोएशियातील ओसियेक येथे झालेल्या विश्वचषक स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतने २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले. पात्रता फेरीत तिने ६०० पैकी ५९१ गुण मिळवले होते. ताज्या फॉर्मचा याहून ठळक पुरावा शोधूनही सापडला नसता. त्यानंतर जेमतेम महिन्याभरात टोकियो ऑलिम्पिकमध्ये त्याच प्रकारात तिला ५७३ गुण मिळाले आणि ती ३२ व्या स्थानावर राहिली.

त्याच ऑलिम्पिकमध्ये काही दिवसांनी नेमके उलटे चित्र दिसले. बंगळुरूची गोल्फपटू अदिती अशोक जागतिक क्रमवारीत २०० व्या स्थानावर होती. तिची आई तिची कॅडी म्हणून बॅग सांभाळत होती. पहिले तीन दिवस अदिती पदकाच्या शर्यतीत राहिली आणि चौथ्या दिवशी अवघ्या एका फटक्याने तिचे कांस्यपदक हुकले. ६७, ६६, ६८ आणि ६८ अशा चार फेऱ्यांत मिळून तिने २६९ फटके घेतले. म्हणजे पारपेक्षा १५ कमी. गंमत अशी, की सुवर्णपदक जिंकणारी अमेरिकेची नेली कोर्डा त्या वेळी क्रमवारीत पहिलीच होती. म्हणजे एकच यादी शिखरावर बरोबर ठरली आणि २०० व्या ओळीत साफ चुकली. असे का व्हावे, हे समजण्यासाठी ही क्रमवारी कशी तयार होते ते पाहावे लागते.

दोन वर्षे आणि तेरा आठवडे

महिला गोल्फची जागतिक क्रमवारी प्रथम फेब्रुवारी २००६ मध्ये जाहीर झाली. पहिल्या क्रमांकाचा मान स्वीडनच्या अॅनिका सोरेनस्टॅमला मिळाला. या पद्धतीत खेळाडूच्या मागील १०४ आठवड्यांतील, म्हणजे दोन वर्षांतील, स्पर्धांचे गुण धरले जातात. स्पर्धेतील प्रतिस्पर्धी जितक्या बलवान, तितके गुण अधिक. मेजर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या स्पर्धांच्या विजेतीला १०० गुण मिळतात.

ताज्या फॉर्मचा विचार येतो तो यापुढे. शेवटच्या १३ आठवड्यांत मिळवलेले गुण पूर्ण किमतीने धरले जातात. त्यानंतर उरलेल्या ९१ आठवड्यांत त्यांची किंमत दर आठवड्याला समान प्रमाणात उतरत जाते आणि शेवटी शून्य होते. मेजर जिंकून मिळालेले १०० गुण तीन महिने शंभरच राहतात. सुमारे ५८ आठवड्यांनी ते निम्मे होतात आणि दोन वर्षांनी यादीतून पुसले जातात. अशा उरलेल्या गुणांची बेरीज करून तिला खेळलेल्या स्पर्धांच्या संख्येने भागले जाते. आलेली सरासरी म्हणजे क्रमवारीचा आधार.

कालखंड दोन वर्षांचाच का? तो तीन महिन्यांचा ठेवला, तर एखाद्या चांगल्या आठवड्याच्या जोरावर कोणीही वर चढेल आणि एखाद्या आजारपणाने खाली येईल. तो पाच वर्षांचा ठेवला, तर उतरणीला लागलेल्या खेळाडू जुन्या पुण्याईवर टिकून राहतील आणि नव्या मुलींना वाट मिळणार नाही. दोन वर्षे हा मध्यममार्ग आहे. पण त्यातही जुन्या लौकिकाचा भार उरतोच.

न्यूझीलंडच्या लिडिया कोचे उदाहरण याबाबत बोलके आहे. २ फेब्रुवारी २०१५ रोजी ती जगात अव्वल ठरली तेव्हा तिचे वय अवघे १७ वर्षे होते. पुरुष किंवा महिला गोल्फमध्ये इतक्या लहान वयात तो मान कोणालाही मिळाला नव्हता. जुलै २०१६ नंतर मात्र तिच्या विजयांना खंड पडला. तरीही ती जून २०१७ पर्यंत, म्हणजे जवळपास अकरा महिने एकही स्पर्धा न जिंकता, पहिल्या क्रमांकावर होती. पुढचा विजय तिला एप्रिल २०१८ मध्ये मिळाला आणि त्यानंतरचा थेट एप्रिल २०२१ मध्ये. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती पुन्हा अव्वल झाली आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकचे सुवर्णपदकही तिने पटकावले. उतरणीच्या काळात क्रमवारी तिच्यामागून चालत होती, पुढून नव्हे.

कमी स्पर्धांचा प्रश्न

तरुण खेळाडूंच्या बाबतीत खरी अडचण भागाकाराची असते. २००६ च्या पहिल्याच यादीत अमेरिकेची १६ वर्षांची मिशेल व्ही तिसऱ्या स्थानावर झळकली आणि वाद उफाळला. तोवर तिने एकही व्यावसायिक स्पर्धा जिंकली नव्हती. मात्र ती मोजक्या आणि बहुतांशी मोठ्याच स्पर्धा खेळली होती व त्यांत वरच्या स्थानांवर राहिली होती. गुणांना थोड्या स्पर्धांनी भागल्यामुळे तिची सरासरी फुगली. दर आठवड्याला घाम गाळणाऱ्या खेळाडूंना हे अन्यायाचे वाटणे स्वाभाविक होते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नियम बदलला. खेळाडू कितीही कमी स्पर्धा खेळली असली, तरी भाजक किमान ३५ धरायचा, असे ठरले. याचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका मुलीने दोन वर्षांत ८ स्पर्धा खेळून २४ गुण मिळवले. तिची खरी सरासरी ३ आहे. दुसरीने ५० स्पर्धांत ६० गुण मिळवले. तिची सरासरी १.२ आहे. पहिलीचे २४ गुण ३५ ने भागले, की तिच्या वाट्याला ०.६९ येतात. ताज्या फॉर्ममध्ये ती सरस असूनही यादीत दुसरीच्या खाली जाते.

हा नियम लहरी क्रमवारीला आळा घालतो, यात शंका नाही. पण त्याची किंमत कोण मोजते, तेही पाहायला हवे. नुकतीच व्यावसायिक झालेली, परदेशी दौऱ्याचा खर्च न झेपणारी किंवा दुखापतीमुळे काही महिने घरी बसलेली खेळाडू या भाजकाखाली दबते. खेळत नसताना तिचे जुने गुण आठवड्यागणिक झिजत राहतात. भाजक मात्र ३५ च्या खाली उतरत नाही. मोठ्या स्पर्धांचा प्रवेश, आमंत्रणे आणि पुरस्कर्ते या यादीकडे पाहून ठरत असल्याने हा केवळ आकडेमोडीचा विषय राहत नाही.

पैशांची यादी आणि फटक्यांचा हिशेब

भारतातील महिला व्यावसायिक मालिकेत खेळाडूंचा क्रम बक्षिसाच्या रकमेच्या बेरजेवर लावण्याची प्रथा आहे. ही पद्धत समजायला सोपी आहे. परंतु बेरीज असल्यामुळे जी अधिक स्पर्धा खेळते तिला लाभ होतो. शिवाय चांगल्या मुली परदेशात खेळू लागल्या, की देशातील यादीत त्या दिसेनाशा होतात. हरियाणाच्या दीक्षा डागरने २०१९ मध्ये वयाच्या १८ व्या वर्षी दक्षिण आफ्रिकेत युरोपीय मालिकेतील स्पर्धा जिंकली. अशा मुलीचा फॉर्म देशांतर्गत कमाईवरून कसा कळणार?

म्हणून अभ्यासक आता फटक्यांकडे वळले आहेत. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी रूढ केलेल्या पद्धतीचे तत्त्व सोपे आहे. त्या दिवशी, त्या मैदानावर सर्व खेळाडूंची सरासरी ७३.५ फटक्यांची असेल आणि एखादीने ७१ फटक्यांत फेरी पूर्ण केली असेल, तर तिने अडीच फटके कमावले. वारा, पाऊस आणि मैदानाची काठिण्यपातळी सर्वांना सारखीच असल्याने तुलना न्याय्य होते. शेवटच्या २० किंवा ४० फेऱ्यांतील अशा कमाईची सरासरी काढली, की फॉर्मचा बराच विश्वसनीय अंदाज मिळतो.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. कमकुवत प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध कमावलेले चार फटके आणि जगातील उत्तम खेळाडूंविरुद्ध कमावलेला एक फटका यांची किंमत सारखी नसते. दुसरे असे, की हे फटके खेळाच्या कोणत्या अंगात कमावले हे महत्त्वाचे ठरते. चेंडू भोकात घालण्याचा फटका, म्हणजे पटिंग, आठवड्यागणिक फार बदलते. लांबून हिरवळीपर्यंत चेंडू पोहोचवण्याचे कसब त्यामानाने स्थिर असते. टोकियोत अदितीचा ड्राइव्ह अनेक प्रतिस्पर्ध्यांपेक्षा आखूड पडत होता. ती झुंज देत होती ती पटिंगच्या बळावर. अशा आठवड्याची चाहूल कोणतीही क्रमवारी देऊ शकत नाही.

फॉर्म किती टिकतो?

उत्तम व्यावसायिक खेळाडूच्या एका फेरीतील फटके तिच्या नेहमीच्या सरासरीपेक्षा तीनेक इकडे-तिकडे होणे अगदी सामान्य आहे. चार फेऱ्यांच्या बेरजेत हा फरक सहाएक फटक्यांपर्यंत सहज जातो. टोकियोत सुवर्णपदक आणि चौथे स्थान यांत अंतर होते केवळ दोन फटक्यांचे. दैवाचा वाटा पदकांमधील अंतराहून मोठा असेल, तर एका स्पर्धेवरून फॉर्म ठरवणे धोक्याचे ठरते.

खुद्द नेली कोर्डाने २०२४ मध्ये याचा प्रत्यय दिला. त्या वर्षी तिने खेळलेल्या सलग पाच स्पर्धा जिंकल्या आणि पुढे सहाव्या विजयाचीही भर घातली. त्यानंतर मेअखेरीस झालेल्या अमेरिकन महिला खुल्या स्पर्धेत पहिल्याच दिवशी तीन पारच्या एका होलवर तिला १० फटके लागले. फेरी ८० वर संपली आणि दोन दिवसांत तिला स्पर्धेबाहेर व्हावे लागले. अदितीचे २०२३ हे वर्षही असेच होते. फेब्रुवारीत केनियात आणि नोव्हेंबरमध्ये स्पेनमध्ये तिने विजय मिळवले. मधल्या काळात हांगझोऊ आशियाई स्पर्धेत अखेरच्या दिवशी सात फटक्यांची आघाडी असताना तिची फेरी ७७ वर गेली आणि रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. ते रौप्यही भारतीय महिला गोल्फपटूचे आशियाई स्पर्धेतील पहिलेच पदक होते.

निवडीचा पेच

क्रमवारी वाचकांसाठी कुतूहलाचा विषय असतो. निवड समितीला मात्र तिच्यावरून कोणाला घ्यायचे आणि कोणाला वगळायचे हे ठरवावे लागते. पुन्हा नेमबाजीकडे वळले, तर हे स्पष्ट दिसते. मार्च २०२१ मध्ये दिल्लीतील विश्वचषकात चिंकी यादवने २५ मीटर पिस्तूलमध्ये बरोबरीनंतरच्या जादा फैरीत राहीला मागे टाकून सुवर्ण जिंकले. देशासाठी ऑलिम्पिकची एक जागाही तिने मिळवली होती. पण एप्रिलमध्ये संघ जाहीर झाला तेव्हा या प्रकारात राही आणि मनू भाकर यांची नावे होती. चिंकीने मिळवलेली जागा १० मीटर एअर रायफलमधील इलावेनिल वलारिवनला देण्यात आली. इलावेनिल त्या वेळी आपल्या प्रकारात जगात अव्वल होती. फक्त शेवटची स्पर्धा पाहिली असती, तर चिंकीला वगळणे शक्य नव्हते. दीर्घ काळाचा हिशेब धरला, की उत्तर बदलते. कालखंड किती धरायचा हा निर्णय गणिताचा नसून माणसांचा असतो, आणि तो संघनिवडीच्या कितीतरी आधी जाहीर असणे हाच खेळाडूंना मिळू शकणारा खरा न्याय आहे.

ऑलिम्पिकमधील गोल्फच्या प्रवेशाचा नियम या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे ६० जणींना प्रवेश मिळतो. पहिल्या १५ क्रमांकांतील खेळाडूंना एका देशातून चारपर्यंत जाता येते. त्यानंतर एका देशाच्या दोघींनाच संधी असते. बलाढ्य देशांच्या अनेक वरच्या खेळाडू त्यामुळे बाहेर राहतात आणि २०० व्या क्रमांकाच्या मुलीला दार उघडे होते. क्रमवारीवर आंधळेपणाने विसंबून पहिल्या ६० जणींना बोलावले असते, तर अदितीचे ते चार दिवस देशाला पाहायलाच मिळाले नसते.

तेव्हा एखाद्या तरुण खेळाडूचा क्रमांक वाचनात आला, की तीन गोष्टी तपासून घेणे इष्ट. हा आकडा किती काळाच्या कामगिरीवर काढला आहे, त्या काळात ती किती स्पर्धा खेळली आणि त्या कोणाविरुद्ध खेळली? या तिन्हींची उत्तरे मिळाल्याशिवाय ‘घसरण’ किंवा ‘भरारी’ असे शब्द वापरण्यात घाई होते. क्रमवारी काय घडले याची नोंद ठेवते. उद्या काय घडेल याची हमी देत नाही. राहीचे ५९१ गुण खरे होते आणि ५७३ ही खरेच होते. त्यांतल्या एकाच आकड्यावर तिचे मोल ठरवणे म्हणजे एका दिवसाच्या सौद्यावरून गुऱ्हाळाची पारख करण्यासारखे होईल.