भाऊजींची फियाट आणि वाघांची मोजणी

भाऊबिजेला मी दरवर्षी कुरखेड्याला ताईकडे जातो. वडसा स्टेशनवर उतरले की भाऊजी न्यायला हजर असतात आणि त्यांच्याबरोबर असते त्यांची फियाट. १९६८ सालची ‘डिलाइट’. नागपूरहून कुणाची तरी वापरलेली घेतली, त्यालाही आता तीस वर्षे होतील. तिचा मूळ रंग कोणता, याबद्दल ताईचे आणि भाऊजींचे अजून एकमत झालेले नाही.

यंदा घरात वेगळाच वाद चालू होता. गाडीच्या नोंदणीची मुदत संपत आली होती. पंधरा वर्षे उलटलेल्या खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. त्यासाठी गाडी तपासणीला न्यायची, फी भरायची, पर्यावरण कर भरायचा. भाऊजींनी सत्तरी ओलांडलेली.

“भंगारवाला येऊन गेला,” ताई म्हणाली. “मी म्हटलं, भाऊबीज होऊ दे, मग ने.”

भाऊजी पानावरून न उठता म्हणाले, “देऊ की. पण आधी मला कोणीतरी सांगा, अशा गाड्या राहिल्या तरी किती? लाखभर असतील तर खुशाल ने म्हणावं. शंभरच असतील, तर मी देणार नाही.”

प्रश्न सोपा वाटला म्हणून मी आकडा शोधण्याचे कबूल केले. तिथेच फसलो.

मुळात मोजायची कोणती गाडी? वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० बाहेर पडू लागली. पुढचे दरवाजे उलटे उघडणारी ही गाडी. तिचे नाक पाहून लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटले आणि ते नाव तिला कायमचे चिकटले. १९६४ मध्ये डिलाइट आली. पुढे तिचीच ‘प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून चित्तोडच्या राणीच्या नावाने ‘पद्मिनी’. सांगाडा थोड्याफार फरकाने तोच. म्हणजे डिलाइट मोजताना पद्मिनी धरायची की वगळायची, यावरच आकडा कितीतरी पटींनी बदलतो.

बरे, सरकारी नोंदी पाहाव्यात, तर त्यांत मेलेल्या गाड्याही जिवंत असतात. गाडी नष्ट झाली तर मालकाने चौदा दिवसांत कळवावे, असे मोटार वाहन कायदा सांगतो. पण भंगाराचे पैसे खिशात पडल्यावर पुन्हा कचेरीची पायरी चढणारा मालक तुम्ही पाहिला आहे का? मी तरी नाही. उलट, मुदत संपूनही गोठ्यात धडधाकट उभी असलेली गाडी कागदावर मेलेली! वर्तमानपत्रांचीही तीच गत. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी थांबली, तेव्हा पद्मिनीच संपली असे पुष्कळांना वाटले. संपली होती ती टॅक्सीची वीस वर्षांची मुदत. खासगी पद्मिनी त्यानंतरही धावतच होत्या.

हे सारे रात्री अंगणात चालले असताना शेजारचे वनरक्षक फराळाला आले होते. ते हसून म्हणाले, “साहेब, आम्ही वाघ मोजतो तशी मोजा ना जी!”

पूर्वी वाघ पंजाच्या ठशांवरून मोजत. आता जंगलात कॅमेरे लावतात. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसल्याने कोणता वाघ पुन्हा आला ते कळते. हिशेब असा : पहिल्या खेपेला चाळीस दिसले आणि दुसऱ्या खेपेला पन्नास. या पन्नासांत पहिल्यांदा दिसलेले दहाच होते, म्हणजे एकपंचमांश. तेव्हा पहिले चाळीस हे एकूण संख्येचा एकपंचमांश धरायचे, म्हणजे एकूण दोनशे. खरी पद्धत याहून बारकाईची आहे, पण गाभा हाच. गाडीला पट्टे नसले तरी सांगाड्यावर क्रमांक असतो.

भाऊजींना हे फार आवडले. त्यांना मग मी युद्धातली गोष्ट सांगितली. हाती लागलेल्या जर्मन रणगाड्यांवरचे क्रमांक पाहून दोस्तांच्या संख्याशास्त्रज्ञांनी ऑगस्ट १९४२ चे उत्पादन ३२७ ठरवले. हेरांचा अंदाज १५५० होता. खरा आकडा निघाला ३४२. पण क्रमांकांवरून कळते ते किती घडल्या एवढेच. किती उरल्या ते कळायला गाडी दोनदा दिसावी लागते. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात जाऊन मोजावे, तर दरवर्षी त्याच हौशी मंडळींच्या त्याच चकचकीत गाड्या, आणि ताडपत्रीखालची कधीच दिसत नाही. मग अंदाज खऱ्यापेक्षा कमी निघतो.

“पण आपली पूर्ण एक धरायची का?” ताईने मध्येच विचारले.

भाऊजी गप्प. इंजिन एका पद्मिनीचे, दोन दरवाजे आणि मागचा आस आणखी एकीचा. ही एक जगली ती त्या दोघींच्या जिवावर. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची विंटेज नोंदणी मिळते. फी वीस हजार. मात्र गाडी मूळ रूपात हवी आणि रोजच्या वापराला बंदी. भाऊजींची गाडी दोन्हीत नापास. ती रोज धानाच्या बांधापर्यंत जाते, आणि दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत रात्री नाटकाला पोरांना कोंबून नेते.

दुसऱ्या दिवशी त्याच गाडीतून स्टेशनकडे निघालो. वडशाच्या अलीकडे एका पडवीत काहीतरी ओळखीचे दिसले. चाके नसलेली फियाट, बॉनेटवर कोंबड्या.

“भाऊजी, ही मोजायची का?”

त्यांनी गाडी बाजूला घेतली, चष्मा पुसला आणि खाली उतरले. “थांब जरा. पुढचे दिवे शाबूत दिसतात. देतो का विचारतो.”

माझी गाडी सुटायला वीस मिनिटे होती. भंगारवाल्याचे काय झाले ते मी विचारले नाही.